मापं कोण घेतं

३ मार्च, सोमवार

आणखी एक घर फुटलं! या वेळी डॉक्टरीणबाईंचं. भरदुपारी. बाई दवाखान्यात, त्यांचे मिस्टर कामावर, आणि चोर निवांत आत शिरून हात मारून गेला. कुलूप तुटलेलं नाही, काच फुटलेली नाही. कपाटातले दागिने तेवढे गेले. जाताना दार नीट ओढून घेतलं म्हणे. केवढा शहाणा!

समोरच्या बाई धावत सांगायला आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावर पहारा, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना दुर्बीण म्हणते. "तिसरं घर हे! आधी बँकवाले, मग वकील, आता ही. आणि तू तर एकटी. दाराला साधी साखळी नाही तुझ्या!"

नाही, खरंय. आजवर गरजच वाटली नाही. शिवणाचं मशीन, कापडाचे तागे, टाचण्यांचे डबे. चोरानं न्यायचं काय? पण तागे माझे कुठे आहेत? गिऱ्हाइकांचे. गेले तर तोंड कुठे लपवू?

हात चालत नव्हता आज. एकच चुणी घातली, उसवली, घातली, पुन्हा उसवली.

अलार्म बसवायचा. ठरलं. कुठला ते नाही ठरलं.

४ मार्च, मंगळवार

धाकटा आला होता रॉड न्यायला. मी मापं घेते, कापते, शिवते. तो ड्रिल घेऊन जातो, रॉड ठोकतो, पडदे टांगून येतो. फर्निचरचा कारखाना बंद पडला तेव्हापासून आमचं हे असं चाललंय. माझा एकुलता भाऊ. आई गेली तेव्हा त्याला शर्टाची बटणंसुद्धा लावता येत नव्हती. मीच वाढवला. त्याच्यापायी माझं लग्न राहिलं असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत. राहिलं ते राहिलं. त्याचं झालं आणि मोडलं. आता टायरच्या दुकानावरच्या खोलीत एकटा राहतो. बहीण इकडे एकटी, भाऊ तिकडे एकटा. मजाच सगळी!

म्हटलं, अलार्म बसवते आहे.

"अलार्म? तुला?" हसला. पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "तुला कशाला अलार्म, ताई?"

"का? माझ्याकडे चोर येणार नाही असं लिहून दिलंय का कुणी?"

रॉड मोजले. मग एकदम, "काल दुपारी कुठे होतीस?"

"सोमवार ना काल? घाऊक बाजारात. कापड आणायला."

"एकटीच?"

"नाही, वाजतगाजत गेले होते!"

हसला नाही. रॉड खांद्यावर टाकून निघाला. चहा तसाच राहिला कपात. याचा चहा कधी राहत नाही!

६ मार्च, गुरुवार

विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. धाकटा होता बरोबर, ड्रिलची पाती घ्यायची होती त्याला. दुकानदारानं एक डबा काढला. घरच्या घरी चिकटवायचा अलार्म. दोन लहान तुकडे असतात, एक दारावर, एक चौकटीवर. दोघं शेजारी आहेत तोवर सगळं शांत. एकमेकांपासून लांब गेले की बोंब! त्यानं वाजवून दाखवलं. दुकानातल्या एका माणसाच्या हातून बल्ब पडला.

मी आपलं नीट विचारून घेत होते. वस्तू घ्यायची तर चारही बाजूंनी बघून घ्यावी!

"खिडकी न उघडता काचच कापली तर?"

"मग नाही वाजणार."

"आणि चोराकडे किल्लीच असली तर?"

"तरी वाजेल. बंद करायचा आकडा त्याला ठाऊक नाही ना."

"आणि आकडा ठाऊक असला तर?"

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, अलार्म बसवायचाय की चुकवायचाय?"

सगळं दुकान हसलं. मीही हसले. वळून बघते तर धाकटा शेजारी नाही. बाहेर फुटपाथवर पाठमोरा उभा. पाती न घेताच.

काय झालंय याला?

डबा घेतला नाही. एवढासा चिकटपट्टीचा तुकडा माझं घर राखणार? उन्हानं सुटून पडायचा.

८ मार्च, शनिवार

दाराला साखळी बसवून घेतली. दिवसभर उठून उठून बघतेय, आहे ना जागेवर. साखळी कोण चोरणार आहे!

१० मार्च, सोमवार

बाजार लवकर उरकून आले, कारण अलार्म कंपनीचा माणूस येणार होता. टाय लावलेला, पण गाठ सैल. बूट दारातच काढले, आवडलं मला. घरभर फिरला. "खिडक्या किती, बाई?" मलाच विचारतो! जन्म गेला माझा लोकांच्या खिडक्या मोजण्यात.

यांचा मामला मोठा आहे. प्रत्येक दाराखिडकीला सेन्सर. खोलीच्या कोपऱ्यात एक डोळा, काही हललं की त्याला कळतं. बाहेर भोंगा. दाराजवळ आकड्यांची पाटी. घरात शिरलं की भराभर आकडा दाबायचा, नाही तर सगळी गल्ली गोळा. आणि एक दुसरा आकडा. समजा कुणी चाकू दाखवून सांगितलं की बंद कर, तर तो दाबायचा. भोंगा बंद होतो, चोराला वाटतं झालं काम, आणि यांच्या ऑफिसात गुपचूप कळतं. हे मला फारच आवडलं!

मग म्हणाला, "अलार्म वाजला की आम्ही आधी तुम्हाला फोन करणार. तुम्ही उचलला नाही तर? जवळ राहणारं, भरवशाचं माणूस सांगा. किल्ली असलेलं."

"धाकटा भाऊ." एका दमात.

"आणखी कुणी?"

विचार केला. पुष्कळ केला. "एकच पुरे," म्हटलं.

बूट घालताना टायवाला म्हणाला, "भाऊ भरवशाचे आहेत ना? रागावू नका हं. पण कुलूप न तोडता होतात ना, त्या चोऱ्या बाहेरच्याच्या नसतात. कोण घरात येऊन गेलं, कुणी दारं-खिडक्या बघून ठेवल्या, कुणाच्या हातात किल्ली पडली, ते बघायचं. कुंपणच शेत खातं, बाई."

त्याला हसून निरोप दिला, दार लावलं, साखळी लावली. आणि तिथेच उभी राहिले. किती वेळ कोण जाणे.

११ मार्च, मंगळवार

कोण घरात येऊन गेलं. कुणी दारं-खिडक्या बघून ठेवल्या.

मी! आम्ही!

बँकवाल्यांकडे पिस्ता रंगाचे. वकिलांकडे जाड अस्तराचे, त्यांना उजेड सोसत नाही. डॉक्टरीणबाईंकडे निळे. तिन्ही घरं माझीच की! या भागात माझे पडदे नाहीत असं घर शोधावं लागेल, म्हणून डोक्यात आलं नव्हतं. पण ही तिन्ही अगदी हल्लीची. भिंतींच्या रंगाचा वाससुद्धा गेला नव्हता, तेव्हा आम्ही तिथे वावरत होतो. मी मापापुरती, उभ्या उभ्या. धाकटा दिवसभर. रिकाम्या घरात. आणि डॉक्टरीणबाईंनी तर त्याला किल्ली दिली होती. "लावून झाले की दवाखान्यात आणून द्या," म्हणाल्या. माझ्यादेखत.

किल्ली!

नाही. हे मी लिहिलंच नाही.

१२ मार्च, बुधवार

मन चिंती ते वैरी न चिंती. गप शीव!

१४ मार्च, शुक्रवार

गल्लीच्या टोकाला एक बाई नव्यानं राहायला येतायत. घर रंगवून झालंय, पडद्यांना बोलावलंय. मी टेप गळ्यात अडकवून निघाले तर धाकटा दारात आडवा.

"तू नको येऊस. मापं मी घेतो."

"तुला कधीपासून मापं जमायला लागली?"

"जमतात. ताई, तू आता लोकांच्या घरी जाणं बंद कर. घरी बसून शीव. गुडघे दुखतात ना तुझे."

माझे गुडघे! माझ्या गुडघ्यांची चौकशी जन्मात केली नाही यानं.

टेप माझ्या गळ्यातून काढून घेतली. मग जाता जाता, माझ्याकडे न बघता, "तुला काही कमी पडतंय का? काही हवं असलं तर माझ्याकडे माग. दुसरं काही करू नकोस. माझ्याकडे माग, कळलं?"

त्याच्याकडे? त्याच्या बुटांना परवा मी तळ लावून आणले! कुठून आलं रे एवढं तुझ्याकडे? अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

मापं घेऊन आला. जोडीच्या दोन खिडक्या, त्यातल्या एकीचं माप बोटभर आखूड. मग कशासाठी जायचं होतं याला एकट्याला त्या घरात?

१५ मार्च, शनिवार

समोर बसून चहा प्यायला. एकदाही डोळ्याला डोळा दिला नाही. मीही दिला नाही.

१७ मार्च, सोमवार

बाजारातून लवकर परतले. पिस्ता कापड संपलं होतं, थांबून काय करू! घरात आले तर शिवणाच्या खोलीत धाकटा. त्याच्याकडे किल्ली असते, त्यात काही नवल नाही. पण कपाट सताड उघडं, तागे सगळे जमिनीवर, आणि हा खांद्यापर्यंत हात आत घालून बसलेला.

"काय शोधतोस?"

दचकला. केवढा दचकला! "टाचण्या."

टाचण्यांचा डबा टेबलावर, त्याच्या नाकासमोर. दोघांनीही डब्याकडे बघितलं.

तागे उचलून परत लावले त्यानं, उलटसुलट. रेशमी खाली, जाडं वर. घाम पुसत निघून गेला.

तो गेल्यावर मी कपाट पुन्हा रिकामं केलं. काही लपवून तर गेला नाही? माझ्या घरात कोण बघणार, असं वाटून? प्रत्येक तागा उलगडून बघितला. फळ्यांच्या मागे हात घातला. अस्तरांच्या पिशव्या झटकल्या. काही नाही. कापसाचा बोळा आणि एक जुनं बटण.

मग त्या पसाऱ्यातच बसले. माझ्याच कपाटात मी चोरासारखी चाचपडतेय, हे केवढं लाजिरवाणं! आणि तरी जीव शांत नाही. इथे नाही, म्हणजे दुसरीकडे असेल, असंच आलं मनात. मनाला काय, एकदा उतारावर लागलं की थांबतंय थोडंच.

१९ मार्च, बुधवार

अलार्म बसला. आणि काय तमाशा झाला!

सगळी जोडणी करून टायवाला म्हणाला, "आता बाहेर या, चालू करून बघू." बाहेर येऊन उभे राहिलो, तोच भोंगा कोकलायला लागला. आत कुणी नाही! टायवाला आत धावला, बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा बोंब. तिसऱ्यांदा दुर्बीण लाटणं घेऊन हजर. "कुठाय? कुठाय मेला?"

मेला कुणी नव्हता. वरच्या झरोक्यातून वारा येत होता आणि पुढच्या खोलीतला माझा पडदा हलत होता. कोपऱ्यातल्या डोळ्याला तो माणूस वाटला.

"पडदा काढावा लागेल, बाई."

"पडदे शिवणाऱ्या बाईच्या घरचे पडदे काढू? गिऱ्हाइकांनी बघितलं तर?"

दुर्बीण इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. मीसुद्धा हसले. कितीतरी दिवसांनी. शेवटी पडद्याच्या खालच्या दुमडीत वजनाच्या पट्ट्या घातल्या, तेव्हा कुठे डोळा गप्प बसला.

सगळं झाल्यावर टायवाल्यानं कागद काढला. "भावाचा नंबर हाच ना?"

"नाही. समोरच्या बाईंचा घाला."

त्यानं एक रेघ मारली आणि वर दुसरा नंबर लिहिला. एवढंच. आवाजसुद्धा झाला नाही.

२० मार्च, गुरुवार

मी मागे भांडी घासत होते. भोंगा! धावत आले तर दारात धाकटा, हातात किल्ली, दोन्ही कानांवर हात. मी आकडे दाबले. दाबताना अंगाचा आडोसा केला. मुद्दाम नाही केला. झाला.

त्यानं बघितलं.

"मला आकडा नाही सांगितलास."

"सांगेन रे. अजून बदलायचाय तो."

"बरं."

मग किल्ली टेबलावर ठेवली, कात्रीशेजारी. "मग ही तरी कशाला."

उचल ती, वेड्या, घे परत, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. किल्ली अजून तिथेच आहे. मी कात्री उचलते, शिवते, कात्री परत ठेवते.

२२ मार्च, शनिवार

वकिलीणबाई आल्या. बैठकीचं कापड शिवायला दिलं होतं, ते परत मागितलं. "नंतर बघू," म्हणाल्या. कापलेलं कापड परत नेतं का कुणी? दारातून बाहेर पडेपर्यंत माझ्या कपाटाकडे बघत होत्या.

म्हणजे लोकांच्याही डोक्यात आलं.

२४ मार्च, सोमवार

पोलीस घरी आले. मोठे साहेब आणि बरोबर एक शिपाई. गल्लीत सगळ्यांच्या खिडक्या एकदम उघड्या. साहेब मऊ बोलतात, तीच भीती वाटते.

"तिन्ही घरांत पडदे तुमचे."

"हो. चांगले बसलेत ना?" माझ्या तोंडून हे निघालं! जीभ हासडावी अशी!

"आत कोण कोण जातं कामासाठी?"

"आम्ही... म्हणजे काम आम्हा दोघांचं आहे."

"दोघं म्हणजे?"

"मी आणि भाऊ."

त्यांनी घर बघितलं. वरचा डोळा बघितला, पाटी बघितली. "अलार्म नवा दिसतो. कधी बसवला? कुणाला घाबरून?"

चहा ठेवते म्हटलं. नको म्हणाले. उद्या चौकीत या, दोघांशीही वेगवेगळं बोलू.

आजचा दिवस नुसती येरझाऱ्या घालतेय. पुढची खोली, मागची खोली. उद्या काय सांगू? खरं सांगू म्हणावं, तर खरं काय ते मला तरी कुठे ठाऊक आहे? टाचण्या. किल्ली. आखूड माप. यातलं एकही खोटं नाही, आणि सगळं मिळून काय होतं ते उच्चारवत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

आणि नाही सांगितलं, उद्या चौथं घर फुटलं, कुणाला काही इजा झाली, मग? ती त्या घरची माणसं, त्यांनी विश्वासानं किल्ल्या दिल्या. माझ्या नावावर दिल्या. त्याच्या नाही.

२५ मार्च, मंगळवार

सांगितलं.

लिहून टाकते, नाही तर छाती फुटेल. आधी इकडचं तिकडचं बोलले. साहेब थांबले. पाणी दिलं. "बाई, तुम्ही काहीतरी गिळताय," म्हणाले. मग एकेक करत बाहेर आलं. हल्ली तो मला कुणाच्या घरी येऊ देत नाही. मापंही तोच घेतो. डॉक्टरीणबाईंची किल्ली त्याच्याकडे होती. माझं कपाट उचकत होता. तुला काही हवं तर माझ्याकडे माग म्हणाला. सगळं. मीच सांगितलं सगळं.

"तुम्हाला काय वाटतं? त्यानंच केलं?"

"मला काय वाटायचंय."

"वाटतं ना काहीतरी?"

मान हलवली. तोंडानं हो म्हटलं नाही. पण मान हलवलीच.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "तोही हेच म्हणतो. लोकांच्या घरात मीच जातो, किल्ल्या माझ्याकडेच असतात. दोघांचं जुळतंय."

जुळतंय! म्हणजे त्यानं कबूलच केलं! इतका वेळ आत कुठेतरी वाटत होतं, साहेब हसतील, बाई तुम्ही उगाच संशय घेता म्हणतील, आणि मी रागावून घरी जाईन.

बाहेर आले. बाकावर तो बसला होता, शिपायाशेजारी. मला बघून हसला. कितीतरी दिवसांनी सरळ डोळ्यांत बघितलं.

"ताई, तू घरी जा. काही काळजी करू नकोस. मी आहे."

ज्याच्याविरुद्ध मी आत्ताच बोलून आले, तो मला धीर देतोय! मी त्याच्या खांद्याला हात लावला नाही. रिक्षासुद्धा केली नाही. चालत आले. त्याला ठेवून घेतलं.

२६ मार्च, बुधवार

अलार्म लावून आत बसले आहे. आता कुणापासून?

२७ मार्च, गुरुवार

त्याच्यासाठी डबा केला. धुतलेला शर्ट घेतला, बटण तुटलं होतं ते लावलं. चौकीच्या फाटकापर्यंत गेले. आत पाय उचलेना. काय म्हणून समोर जाऊ? बहीण म्हणून, की साक्षीदार म्हणून? शिपाई म्हणाला, "कुणाला भेटायचंय, बाई?" कुणाला नाही म्हटलं!

डबा परत आणला. शर्टही.

दुर्बीण खिडकीतून हाका मारत होती. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२९ मार्च, शनिवार

चोर सापडला!

धाकटा नाही. धाकटा नाही! रंगाचं काम घेणारा तो उंच माणूस. तिन्ही घरं त्यानंच रंगवली होती. घरमालक रंगाच्या दिवसांत किल्ली त्याच्या हवाली करायचे, हा तिचा जोड बनवून ठेवायचा आणि दोन-चार आठवडे गेले की आरामात यायचा. तोवर सगळ्यांना आठवायचे ते फक्त पडदेवाले! नवा रंग झाला की मागोमाग नवे पडदे. हे मला कळू नये? इतकी वर्षं या धंद्यात काढून? ज्या घरातून तो निघायचा त्याच घरात आम्ही शिरायचो, आणि तिन्ही ठिकाणी मी त्या रंगाचा वास घेतला, नाक मुरडलं, आणि पुढे गेले.

पकडलं कुणी? दुर्बिणीनं! गल्लीच्या टोकाला त्या नव्या बाई राहायला आल्यायत, त्या बाहेर गेल्यावर त्यांच्या घरात भरदुपारी तो कुलूप उघडून शिरताना तिनं बघितला. "रंग होऊन गेला, डबा नाही, ब्रश नाही, शिडी नाही, मग हा आत कशाला जातोय?" चौकीला फोन केला आणि स्वतः बाहेर जाऊन दाराची कडी लावली! पोलीस येईपर्यंत तो आत, ही बाहेर. गल्लीत तिची मिरवणूक काढायची बाकी ठेवलीय लोकांनी. मला म्हणाली, "मी म्हणतच होते, तुझा भाऊ तसला नाही!" एकदाही म्हणाली नव्हती. पण म्हणू दे.

साहेबांचा फोन आला. उद्या सकाळी सोडतो म्हणाले. वर म्हणाले, "पण तुमचा भाऊ अजब आहे. सगळं स्वतःवर कशाला ओढून घेत होता, ते काही कळलं नाही."

मलाही कळत नाही. दम दिला का त्याला? मारलं?

आनंद झाला पाहिजे. झालाय. तो आला की त्याच्या पाया पडेन. मोठी असले तरी पडेन. सगळं सांगून टाकेन, की मी तुझं नाव दिलं. की नको सांगू? साहेब सांगतील का त्याला? त्यानं आधीच ऐकलं असेल तर? तर तो इथे येईल तरी का?

३० मार्च, रविवार

सकाळीच आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. दारातच हसायला लागला. थांबेचना. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"ताई, तुला सांगू? मला वाटलं होतं, तूच! कोण कधी घरी नसतं ते तुला तोंडपाठ. डॉक्टरीणबाईंचं घर फुटलं त्या दुपारी तू बाजारात, एकटी. त्यात दुकानात काय ते प्रश्न विचारलेस! कपाटसुद्धा शोधलं मी तुझं. झोप उडाली होती. म्हटलं, ताईला काय असं कमी पडलं? म्हणून साहेबांना सांगून टाकलं, ताई कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही, जे काय विचारायचंय ते मला विचारा."

मी खुर्ची धरून बसले. "वेडा आहेस," एवढंच निघालं तोंडून.

"वेडा कसला," म्हणाला. "माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस."